वजनाचं निमित्त

पूर्वी रेल्वे स्टेशनांवर वजनाचं एक यंत्र असायचं. लाल-पिवळे दिवे लुकलुकायचे, काचेआड चकती गरगर फिरायची, नाणं टाकलं की पोटातून खटकन आवाज यायचा आणि जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मिरजेला आत्याकडे जायचं असलं की बेळगाव स्टेशनावर बाबा एकच नाणं द्यायचे आणि काट्यावर कुणी चढायचं यावरून आम्हा तीन भावंडांची जुंपायची. वजन किती आलं ते कुणी विचारायचं नाही. तिकीट उलटं करून आधी भविष्य. आपण मनाने मोकळे आहात, पण लोकांना आपली किंमत कळत नाही, अशा थाटाचं काहीतरी असायचं. आई म्हणायची, हे कुणाला पण लागू होतंय. लागू होतंय म्हणूनच तर वाचायचं, हे तिला कोण सांगणार!

ते यंत्र इतक्या वर्षांनी आठवलं ते आमच्या कॉलेजातल्या काट्यामुळे.

कॉलेज छोटं आहे. खानापूर तालुक्यातलं, फक्त कला शाखेचं. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी, कन्नड, तोंडी लावायला इंग्रजी. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, तोवर आमच्या मार्कलिस्टा धारवाडहून यायच्या, आता बेळगावातून येतात. उशीर तेवढाच होतो. जांबोटी, कणकुंबी, गुंजी, नंदगड या बाजूची पोरं आमच्याकडे. शहरातल्या मोठ्या कॉलेजात नंबर लागला नाही म्हणून आलेली, किंवा लागला तरी रोजचं जाणंयेणं झेपत नाही म्हणून आलेली. कॉलेज एवढं लहान की कुणाची बस चुकली हे हजेरीच्या आधी शिपाईमामांना कळतं.

अशा कॉलेजात विद्यार्थ्यांच्या मदतीचं काय होतं? कागदावर सगळं होतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती असा आहे, आणि आमची पाचवी फाइल सगळ्यात जाड होती. अँटी-रॅगिंग समिती, यूथ रेड क्रॉस, तक्रार निवारण, महिला सबलीकरण, समुपदेशन. सगळ्या समित्यांत तीच सहा माणसं, फक्त अध्यक्ष बदलायचा. वर्षातून एकदा आरोग्य शिबिर. बॅनर, हार, नारळ, आणि रक्तदाब मोजून घेणाऱ्या विद्यार्थ्याचा फोटो. एका वर्षी लक्षात आलं, तीन शिबिरांच्या फोटोंत एकच मुलगा बाही वर करून बसलाय. त्याला फोटो काढून घ्यायची आवड होती. त्याचं ब्लड प्रेशर काय असायचं, हे तिन्ही अहवालांत नाही.

नॅकची मंडळी येऊन गेल्यावर त्या फाइलीवर धूळ बसायची ती पुढची पाच वर्षं. या खेपेला तसं झालं नाही, त्याला कारण म्हणजे नवीन आलेले प्राचार्य. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, ती टायपिंगची खोली रिकामी आहे. तिथं खरोखरचं काहीतरी करू या." मला का, तर मी बाई, मराठीची, आणि मराठीच्या बाईला तास कमी. यातलं शेवटचं खोटं होतं.

टायपिंगच्या खोलीत तीन रेमिंग्टन गंजत पडले होते. ते हलवले, चुना मारला, एक पलंग, एक पडदा, एक टेबल. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर महिन्यातून दोनदा यायला तयार झाल्या. पहिले पंधरा दिवस खोलीत मी आणि पाल. दारात पोरं यायची, पाटी वाचायची, परत जायची. बरोबरच आहे. आरोग्य कक्षात जाणारा म्हणजे आजारी, आणि समुपदेशनाला जाणारा म्हणजे डोक्याचा. सगळा कॉरिडॉर बघत असताना कोण आत येईल?

मग काटा आला. साधा, काचेचा, डिजिटल. नाइलाजानं घेतलेला, कारण सिस्टरांच्या यादीत तो होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दारात रांग.

पोरं येत होती ती भरतीसाठी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आमच्याकडे फौज ही नोकरी नसते, वळण असतं. आजा तिथं, काका तिथं, गल्लीतली निम्मी नावं तिथं. २०२२ पासून अग्निवीर. या पोरांच्या वेळी साडेसतरा ते एकवीस वय, १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं तर पूर्ण गुण, छाती ७७ सेंटीमीटर आणि फुगवून आणखी पाच. हे आकडे पोरांना पाढ्यासारखे पाठ. वजनात दोन किलो कमी पडतात म्हणून काट्यावर चढण्याआधी चार केळी खाणारा एक होता. खाऊन चढायचा, आकडा बघायचा, उतरायचा, परत एक केळ.

पोरी येत होत्या शेवटच्या तासानंतर. आधी दप्तर बाजूला ठेवायचं, मग चपला, मग ओढणी, मग हातातला मोबाइल मैत्रिणीकडे. एवढं करून आकडा आला की हाताने झाकायचा. एकीला वजन जास्त म्हणून दुःख, दुसरीला कमी म्हणून. सिस्टर आलेल्या असल्या की वजनाच्या रांगेतूनच हळूच म्हणायच्या, "आता आलीयसच तर बोट दे बघू." सुई टोचायची, थेंब पट्टीवर, मशिनमध्ये आकडा.

एक मुलगी मला आठवते, सेकंड इयरची. कधी आजारी म्हणून आली नाही. वर्गात तिसऱ्या बाकावर, वहीत अक्षर सुंदर, दुपारी डोळे मिटायचे म्हणून मी दोनदा बोललेसुद्धा तिला. तिचं हिमोग्लोबिन ८.४ आलं. बाई गरोदर नसेल तर बाराच्या खाली रक्तक्षय धरतात, आणि आठाच्या खाली गंभीर.

सिस्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"चहा घेतलो."

"आणि?"

"चहाच. पावणेसहाला निघतो की मी. आई तवा ठेवते खरं भाकरी व्हायच्या आत गाडी येते."

बाहेरच्या वाचकाला इथं दोन गोष्टी अडखळतील. आमच्याकडच्या मुली 'मी जातो, मी आलो' असंच बोलतात. मीही वर्गात 'आले' म्हणते आणि घरी गेले की 'आलो'. आणि 'खरं' म्हणजे आमच्याकडे 'पण'. त्यामुळे बेळगावी माणूस दर दोन वाक्यांनी खरं-खरं म्हणतो, ते सगळं खरंच असतं असं नाही.

पावणेसहाची बस चुकली तर पुढची साडेआठला, म्हणजे पहिले दोन तास गेले. शक्ती योजना जून २०२३ मध्ये आली, बायकांना सरकारी बस फुकट झाली, आणि माझ्या वर्गातल्या मुलींची हजेरी त्यानंतर सुधारली. पुरुष मंडळी या योजनेवर काय वाटेल ते विनोद करोत. बसभाड्यापायी बारावीनंतर घरी बसलेली पोरगी मी पाहिलेली आहे. मात्र फुकट झालेली बस भरून येते. पोरी जांबोटीपासून उभ्या. उपाशीपोटी, उभ्याने, घाटातल्या वळणांनी. त्यात पावसाळ्यात कणकुंबीकडच्या पोरी ओल्या कपड्यांनी पहिल्या तासाला बसतात. आणि त्या तासाला मी तुकारामांचा अभंग शिकवणार.

त्या दिवशी मी घरी जाऊन हिशोब मांडला आणि मला राग आला. कर्नाटकात शाळेतलं दुपारचं जेवण दहावीपर्यंत. आठवड्याची लोहाची निळी गोळी सहावीपासून बारावीपर्यंत शाळेत मिळते. मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंत. म्हणजे पोरगी अठरा पूर्ण करून आमच्या दारात येते तेव्हा ताट गेलेलं, गोळी गेलेली, तपासणीही गेलेली. पुन्हा सरकारच्या वहीत तिचं नाव चढतं ते गरोदर राहिल्यावर. मधली तीन-चार वर्षं ती कुणाचीच नाही, आणि नेमकी तीच वर्षं आमच्याकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्ताने कमी निघाल्या. कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ४७.८ टक्के. हे आकडे मी आधीही वाचले होते, एका कार्यशाळेत, उपमा खाता खाता.

इथं एक विषयांतर करते. बाळंतपणात जास्त रक्त जाऊन बाई दगावू नये म्हणून मिसोप्रोस्टॉल ही साधी गोळी उपयोगी पडते का, याचा अभ्यास कुठं झाला होता माहीत आहे? आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत. १६२० बायका, बाळंतपण करणाऱ्या गावातल्या नर्सबाई, आणि निष्कर्ष २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. जगभर या अभ्यासाचा दाखला देतात. मी तो माझ्या वर्गात सांगितला तेव्हा मुली हसल्या, बेळगाव म्हटलं की त्यांना कुंदा आठवतो. आपल्याच आया-मावश्यांच्या रक्तावरून जगाला काही कळलं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तर गोळ्या. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या आणल्या, वाटल्या, आणि महिन्याभरानं मागच्या बाजूच्या गटारीत त्या सापडल्या. विचारल्यावर कुणी बोलेना. शेवटी मावशींनी, म्हणजे आमच्या झाडूवाल्या मावशींनी, सांगितलं. गोळी घेतली की संडासला काळं होतं. पोरी घाबरल्या, घरी सांगितलं, आजीनं हाय खाल्ली, गोळ्या गटारीत. सिस्टरांनी हे आधीच सांगायला हवं होतं, मीही विचारायला हवं होतं. दोघी सुशिक्षित, दोघींना लाज. पुढच्या वेळी मावशींनीच उभं राहून सांगितलं, त्यांच्या भाषेत, एकही शब्द न गाळता. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची, काळं होणार, भ्यायचं नाही. पोरी हसून हसून मेल्या. पण गटारीत गोळ्या परत दिसल्या नाहीत. मी तपासलं.

नाश्त्याची कल्पनाही मावशींची. "एवढं मशिन आणून रगत मोजता, त्यापरीस वाटीभर काहीतरी घाला की पोटात." सकाळी पावणेआठला नाचणीची आंबील, किंवा मसुराची उसळ आणि वर लिंबू. मसूर येळ्ळूर-शहापूर शिवारातला. भात निघाल्यावर त्या काळ्या रानात होतो, आणि शिजल्यावर त्याला जी चव असते ती दुकानातल्या मसुराला नाही, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. पैसे कुठून? थोडे संस्थेनं दिले, थोडे माजी विद्यार्थ्यांनी, आणि दर महिन्याला कमी पडतात ते स्टाफरूममधून, कुरकुरीसकट.

पहिल्या आठवड्यात पातेलं भरलेलं राहिलं. फुकटचं खायला कोण येईल? आमच्या भागातला माणूस गरिबी सोसतो, वाढून घेणं सोसत नाही. 'जेवून आलोय' हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की शेवटी मला त्यातली भूक ऐकू यायला लागली. मग मावशींनी पातेलं उचललं आणि काट्याशेजारी ठेवलं. वजन करायचं, रजिस्टरात नाव लिहायचं, आणि वजन केलेल्यानं वाटी घ्यायची. नियम. का, ते कुणी विचारलं नाही. तपासणीचा भाग म्हटल्यावर खाण्यात कमीपणा राहिला नाही. आता रोज सकाळी पोरं काट्यावर एक पाय ठेवतात न ठेवतात आणि वाटीकडे वळतात. त्या रजिस्टरातले आकडे बघून कुणी शास्त्रज्ञ वेडा होईल. एका मुलाचं वजन सोमवारी ५२ आणि मंगळवारी ३१ आहे.

मनाचं काम सुरू व्हायला मात्र वेळ लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्या निकालात २०२२ या एका वर्षातल्या विद्यार्थी-आत्महत्यांचा आकडा आहे, १३,०४४. संस्थेच्या बैठकीत तो वाचला गेला तेव्हा कुणीतरी पंखा कमी करा म्हणालं. बाकी कुणी बोललं नाही, आणि ठराव झाला. कौन्सेलर मॅडम आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, येऊ लागल्या. बैलहोंगलकडच्या, मातृभाषा कन्नड, मराठी कामापुरतं.

पाटीवरून गंमत झाली. कौन्सेलिंगला कन्नडमध्ये 'आप्त समालोचन' म्हणतात. पाटी लागली आणि आमची मराठी पोरं दारात उभी राहून विचारू लागली, आत क्रिकेटचं समालोचन चालतंय काय? मॅडमना ते कळेना. मी समजावलं, की समालोचन म्हटलं की आमच्या कानात रेडिओ आणि चौकार येतो. त्या खळखळून हसल्या. पण मला तो शब्द आमच्यापेक्षा बरा वाटतो, अजूनही. 'समुपदेशन' म्हटलं की वरच्या पायरीवर उभं राहून कुणीतरी उपदेश करतंय असं वाटतं. 'आप्त'मध्ये निदान जवळ बसायला जागा आहे. सीमाभागात असलं काही बोलणं म्हणजे दोन्हीकडून शिव्या, तरी म्हणते. पोरांनी अर्थात दोन्ही शब्द घेतले नाहीत. त्यांच्या तोंडी ती खोली 'काट्याची खोली' आहे. मॅडम काट्याच्या मॅडम.

भाषेचा घोळ सगळाच हसण्यासारखा नव्हता. एक मुलगी मॅडमना म्हणाली, जीव वरखाली होतोय. मॅडमनी तिला पोटाचं औषध घ्यायला सिस्टरांकडे पाठवलं. सिस्टर त्या दिवशी नव्हत्या, म्हणून ती माझ्याकडे आली, आणि तिचं पोट उत्तम होतं. घरी लग्न ठरत होतं, तिला विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी आणि मॅडम मिळून एक वही करतोय. 'जीव वरखाली होतो', 'डोकं जड होतंय', 'छातीवर बसल्यासारखं', 'कशात मन नाही', 'घर खायला उठतंय'. सगळ्यात अडलो ते 'करमत नाही'वर. मी कंटाळा म्हणून बघितलं, दुःख म्हणून, आठवण येणं म्हणून. मॅडम ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "ब्यासर. आमच्यात ब्यासर म्हणतात. कंटाळा पण तेच, दुःख पण तेच." त्या वहीत एका ओळीत दोन लिपींत ते दोन शब्द आहेत. आमच्या जिल्ह्यात या दोन लिप्या एका पाटीवर आणायला कोर्टकचेऱ्या होतात.

सीमेचं म्हणाल तर ती आमच्या खोलीत येतेच. एखाद्या मुलाच्या वडिलांचं ऑपरेशन निघतं आणि पहिला प्रश्न असतो, कुठलं कार्ड चालेल? २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना इथल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये इथल्या प्रशासनानं त्याचे अर्ज भरणारी केंद्रं बंद केली. दोन्हीकडे भाषणं झाली. आम्ही त्यात पडत नाही. कर्नाटकच्या योजनेचं काय, रेशनकार्ड कुठलं लागतं, तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी कशी घ्यायची, एवढं एका कागदावर मराठीत लिहून भिंतीला लावलंय. तो कागद पोरांपेक्षा पालक जास्त वाचतात.

आणि शिष्यवृत्तीचे अर्ज. हे खरं तर आरोग्यात धरायचं की नाही, यावर स्टाफरूममध्ये वाद झाला. मी धरते. एक मुलगी तीन मंगळवार मॅडमकडे येऊन नुसती रडत होती. झोप नाही, भूक नाही, अभ्यासात लक्ष नाही. चौथ्या मंगळवारी कळलं, विद्यासिरी या सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेत. महिना १५००, दहा महिने. त्यावर तिची खोली आणि डबा. का अडकले, तर आधारवर आडनाव एका स्पेलिंगचं, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसऱ्या, आणि बँकेत तिसऱ्या. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की त्याचं काय होतं, हे आमच्या तालुक्यातला कुठलाही कारकून सांगेल. पोर्टलवरचा कन्नड मजकूर तिला वाचता येत नव्हता आणि हे सांगायची तिला लाज वाटत होती, कारण विचारलं की लोक म्हणतात, कर्नाटकात राहून कन्नड येत नाही? मॅडमनी तिला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून दाखवली, अर्ज दुरुस्त केला. पैसे यायला दोन महिने लागले, झोप त्याच आठवड्यात आली. मॅडम म्हणाल्या, सहा वर्षांच्या शिक्षणात मला हे कुणी शिकवलं नाही.

केळीवाला मुलगा मात्र अर्जानं सुटण्यासारखा नव्हता. त्याची शेवटची भरती हुकली. धावला उत्तम, कागदही बरोबर, लेखी परीक्षेत गेला. एकवीस उलटले, विषय संपला. सकाळी चारला उठून पळायची सवय तेवढी राहिली. उठायचा, बूट घालायचा आणि ओट्यावर बसायचा, असं त्याच्या मित्रानं सांगितलं. रात्री उद्यमबागच्या एका फाउंड्रीत पाळी करू लागला. पण काट्यावर यायचा थांबला नाही. दर बुधवारी. मंगळवारी आणि शुक्रवारी मॅडम असतात, हे माहीत असूनही बुधवारी. चढायचा, आकडा बघायचा, उतरायचा. आता वजन कुणाला दाखवायचं नव्हतं.

मी काही विचारलं नाही. मला विचारता येत नाही, मी मराठीची बाई आहे, चुकीचं काही बोलेन अशी भीती. मी दुसरंच केलं. खोलीत टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लावला होता, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, त्यामागे बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था. तो कागद दाराच्या मागे होता, मी तो काढून काट्याच्या अगदी समोर, डोळ्यांच्या उंचीवर लावला. खाली आकडा बघून मान वर केली की आधी तोच दिसावा. त्याच्या बाजूला स्टूल ठेवलं. तिसऱ्या बुधवारी तो स्टुलावर बसला. पंधरा मिनिटं. मी पेपर तपासत होते, तपासत राहिले. मग म्हणाला, "मॅडम, ह्या नंबरवर मराठी बोलणारं कोण असतंय?" मी म्हटलं, लावून बघू. दोघांनी मिळून लावला. पुढचं बोलणं त्यानं व्हरांड्यात जाऊन केलं, पाठमोरा उभा राहून, एक हात खांबावर. वाटी निवत होती, मावशींनी ती झाकून ठेवली.

त्याचं सगळं ठीक झालं असं नाही. अजून बुधवारीच येतो. एकदा मॅडमनी त्याच्यासाठी वार बदलून घेतला, तर तो त्या दिवशी आलाच नाही.

या महिन्यात संस्थेनं दुसरी खोली देऊ केलीय. मोठी, दोन पडदे, बाकं, 'विद्यार्थी कल्याण केंद्र' अशी पितळी पाटी. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर चर्चा चालू आहे. काटा तिकडे कुठं ठेवायचा हे आराखड्यात नाही. मी विचारलं तर म्हणाले, काटा काय, कोपऱ्यात बसेल. मावशी म्हणाल्या, काटा कोपऱ्यात तर आंबील पण कोपऱ्यात, बघू कोण येतंय ते.

गेल्या गुरुवारी ती ८.४ वाली मुलगी आली, आता शेवटच्या वर्षाला. सिस्टर होत्या. तिचं १०.९ भरलं, अजून कमीच, पण तिनं तो आकडा झाकला नाही. बरोबर तिची आई होती. रताळ्याच्या रानातून थेट आलेली, नखांत माती, पदर खोचलेला, हातात पिशवी. बाजारात काम होतं, लेक म्हणाली चल दाखवतो आमचं कॉलेज, म्हणून आली. काट्यावर चढायला तयार नव्हती, माझ्या चपला मातीच्या म्हणाली. लेकीनं चपला काढायला लावल्या, दंड धरून वर चढवलं. तिनं खाली वाकून आकडा बघितला आणि विचारलं, "ह्याच्यात काय कळतंय?"

"काय नाही. आता बोट दे," लेक म्हणाली, अगदी सिस्टरांच्या आवाजात.

७.६.

सिस्टर गप्प झाल्या. मग सरळ बोलल्या, हे गोळ्यांवर भागणार नाही, तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवायला हवं, या आठवड्यातच. बाईनं मान हलवली. म्हणाली, शिवरात्रीपर्यंत रताळी काढायची आहेत, भाव तेव्हाच असतोय, त्याच्यानंतर बघू. लेक काही न बोलता स्वतःच्या दप्तरातून गोळ्यांची पट्टी काढून आईच्या पिशवीत टाकत होती. मी बघितलं नाही असं केलं, आणि कपाटातून दुसरी पट्टी काढून लेकीच्या दप्तराशेजारी ठेवली. सोमवारी सकाळच्या बसनं दोघी तालुक्याला जातील असं ठरलं. ठरवलं लेकीनं. आईनं आंबीलीची वाटी उभ्याउभ्याच संपवली आणि मीठ कमी आहे म्हणाली.

सिस्टरांनी रजिस्टर पुढं ओढलं. नाव लिहिलं, वजन लिहिलं, ७.६ लिहिलं, आणि पेन थांबलं. "मॅडम, वर्ग आणि रोल नंबर काय लिहू?"